पावणेचार मिनिटांवरून अठ्ठ्याऐंशी सेकंदांवर: एका व्हिडिओ रेझ्युमेचे प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातील उमेदवार एकतीस वर्षांचे आहेत. मूळचे मराठवाड्यातले, यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेऊन पुण्याकडे आलेले आणि गेली नऊ वर्षे चाकण परिसरातील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात काम करणारे. शिकाऊ ऑपरेटर म्हणून लागले, तीन वर्षांत सीएनसी टर्निंग सेंटरचे (संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या लेथचे) सेटर, म्हणजे मशीन कामासाठी जुळवून देणारे, झाले आणि मी त्यांना भेटलो तेव्हा एका पाळीतील चौदा मशीन त्यांच्या देखरेखीखाली होती. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी मुद्दाम मोघम ठेवले आहेत.

त्यांना मशीन बनवणाऱ्या कंपनीत ॲप्लिकेशन इंजिनिअर व्हायचे होते. या कामात ग्राहकाच्या कारखान्यात जाऊन नवे मशीन त्याच्या जॉबवर, म्हणजे घडवायच्या भागावर, चालवून दाखवावे लागते, सायकल टाइम (एक भाग बनायला लागणारा वेळ) कमी करून द्यावा लागतो आणि तक्रार आली की दोष मशीनचा, प्रोग्रॅमचा, टूलचा की मोजणीचा हे शोधून ग्राहकाला पटवून द्यावे लागते. ग्राहक राजकोटला असतो, लुधियानाला असतो, कोइम्बतूरला असतो. हाताचे कौशल्य त्यात गृहीत धरलेले असते आणि निवड होते ती समजावून सांगण्याच्या हातोटीवर. ही हातोटी उमेदवारांकडे होती. पाळी बदलताना नव्या मुलांना ऑफसेट (जॉबचे माप नेमके यावे म्हणून मशीनला दिलेली दुरुस्ती) समजावणारे त्यांचे पाच मिनिटांचे बोलणे मी पुढे ऐकले, तेव्हा त्याची खात्री पटली. मात्र त्यांच्या दोन पानी रेझ्युमेमध्ये तिचा मागमूस नव्हता. तिथे मशीनची नावे होती, कंट्रोलची नावे होती आणि ‘टीम वर्क’, ‘हार्ड वर्किंग’ हे शब्द होते.

चार महिन्यांत त्यांनी एकोणीस ठिकाणी अर्ज केले. दोन ठिकाणांहून फोन आले आणि दोन्ही फोन सेटरच्याच जागेसाठी होते.

पहिला व्हिडिओ

मी पदविकाधारक तरुणांना अर्ज आणि मुलाखतीच्या तयारीत मदत करतो. उमेदवार माझ्याकडे आले ते व्हिडिओ रेझ्युमे आधीच तयार करून. तो बारा जणांना पाठवून झाला होता आणि एकाचेही उत्तर आले नव्हते. ‘सर, यात काय चुकलं ते सांगा,’ एवढाच त्यांचा प्रश्न होता.

व्हिडिओ पावणेचार मिनिटांचा होता. मोबाइल उभा धरून चित्रित केलेला, मागे घडीचा पडदा, वर ट्यूबलाइट आणि त्यामुळे चित्रावरून सतत सरकणारे करडे पट्टे. उमेदवार इंग्रजीत आपला रेझ्युमे वाचत होते. कागद कॅमेऱ्याच्या डावीकडे चिकटवलेला असावा, कारण नजर सारखी तिकडे जात होती. पार्श्वसंगीत आवाजाहून मोठे होते. एका तयार साच्यातून घेतलेल्या पट्ट्या मध्येच सरकत येत आणि त्यांवर ‘नेतृत्व ९० टक्के’ असे लिहिलेले असे. नेतृत्वाचे हे नव्वद टक्के कोणी कसे मोजले, असा प्रश्न मोजणीवर उपजीविका असलेल्या माणसाच्या व्हिडिओबद्दल पडावा, याचे मला मनापासून वाईट वाटले.

या उणिवा सुधारण्यासारख्या होत्या. शेवटच्या पंचवीस सेकंदांचे तसे नव्हते. तिथे कारखान्याच्या शॉप फ्लोअरवर मोबाइलने काढलेले दृश्य होते: चालू मशीन, उमेदवारांच्या अंगावर कंपनीच्या नावाचा गणवेश आणि मशीनच्या दाराला लावलेले ग्राहकाचे ड्रॉइंग. ड्रॉइंगवरची मापे वाचता येत नव्हती, पण व्हिडिओ थांबवून पाहिल्यास ड्रॉइंगचा क्रमांक वाचता येत होता.

नेमकी अडचण

उमेदवारांना वाटत होते की अडचण सादरीकरणाची आहे. माझ्या मते त्यांच्यापुढे तीन वेगवेगळ्या अडचणी होत्या आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा होता.

पहिली अडचण कारखान्यातील चित्रणाची. नेमणूक पत्रातील गोपनीयतेचे कलम त्यांनी नऊ वर्षांपूर्वी सही करताना वाचले होते, त्यानंतर नाही. आम्ही ते पुन्हा वाचले. आवारात परवानगीशिवाय चित्रण करण्यास मनाई होती आणि ग्राहकांच्या ड्रॉइंगचा स्वतंत्र उल्लेख होता. शिवाय मशीन बनवणारी कंपनी अशा माणसाला रोज दुसऱ्यांच्या कारखान्यांत पाठवणार. ज्याने स्वतःच्या कारखान्यातले ड्रॉइंग दाखवले, तो उद्या आमच्या ग्राहकाचे दाखवणार नाही कशावरून, असा विचार तिथला कोणताही जबाबदार माणूस करील.

दुसरी अडचण पोहोचण्याची. बारापैकी आठ जणांना व्हिडिओची गूगल ड्राइव्हवरची लिंक गेली होती, पण परवानगी ‘रिस्ट्रिक्टेड’वरच राहिली होती. म्हणजे लिंक उघडणाऱ्याला व्हिडिओऐवजी परवानगी मागण्याचा पर्याय दिसत होता. आम्ही उमेदवारांचे फारसे न उघडले जाणारे जीमेल पाहिले, तेव्हा तिथे दोन विनंत्या तीन आठवड्यांपासून पडून होत्या. दोन माणसांना व्हिडिओ पाहायचा होता आणि त्यांना तो दिसलाच नव्हता. हे वाचल्यावर उमेदवार बराच वेळ काही बोलले नाहीत.

तिसरी अडचण आशयाची. जो मजकूर डोळ्यांनी वीस सेकंदांत वाचून होतो, तो ऐकायला समोरच्याने पावणेचार मिनिटे का द्यावीत? कागदाला जे जमत नाही, ते या व्हिडिओत काहीच नव्हते.

आधी सावरासावर, मग नवे काम

नव्या व्हिडिओचा विचार करण्याआधी जुना परत घेणे गरजेचे होते. ड्राइव्हवरची फाइल त्याच दिवशी काढून टाकली. उरलेल्या चार जणांना व्हिडिओ व्हॉट्सॲपवर गेला होता. तिथे पाठवलेला संदेश सर्वांसाठी पुसायला साधारण अडीच दिवसांची मुदत असते आणि शेवटचा संदेश जाऊनही सहा दिवस झाले होते. उमेदवारांनी चौघांना स्वतंत्रपणे लिहिले की व्हिडिओत चुकून कार्यस्थळाचे चित्रण आले आहे, कृपया तो काढून टाकावा. दोघांनी काढल्याचे कळवले, दोघांचे उत्तर आले नाही.

सध्याच्या कंपनीला हे सांगायचे का, यावर आम्ही दोन दिवस विचार केला. सांगितले तर नोकरी शोधत असल्याचेही उघड होणार होते आणि घरात कमावते ते एकटेच होते. मापे वाचता येत नाहीत, म्हणजे प्रत्यक्ष नुकसान संभवत नाही, या आधारावर त्यांनी न सांगण्याचा निर्णय घेतला. निर्णय त्यांचा होता आणि मी तो मान्य केला. तरी त्याबद्दल माझ्या मनात आजही पूर्ण समाधान नाही.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय व्हिडिओ सोडून देण्याचा होता आणि मी तो गंभीरपणे मांडला. मोठ्या कंपन्यांच्या अर्जप्रणाली मजकूर वाचतात, व्हिडिओ पाहत नाहीत. कागदी रेझ्युमे कच्चा असेल तर व्हिडिओपर्यंत कोणी पोहोचतच नाही. शिवाय व्हिडिओत चेहरा, वय, राहणीमान आणि बोलण्याचा हेल पहिल्याच पायरीवर समोर येतात. कामाशी संबंध नसलेल्या या गोष्टींवरून मत बनवणारी माणसे असतात आणि उमेदवाराला त्याचा पत्ताही लागत नाही. लेखा, चाचणी किंवा आरेखन अशा जागांसाठी मी बहुतेकांना व्हिडिओ करू नका असेच सांगतो. इथे मात्र बोलून समजावणे हेच काम होते, म्हणून व्हिडिओला अर्थ होता.

दुसरा पर्याय स्टुडिओचा. एका स्टुडिओने आठ हजार रुपये सांगितले आणि नमुना दाखवला. प्रकाश उत्तम, कोट स्टुडिओचाच, मागे निळी भिंत आणि सगळ्या उमेदवारांच्या तोंडी जवळपास तीच वाक्ये. तो पर्याय लगेच बाजूला पडला.

तिसरा पर्याय भोसरीतील एका मित्राच्या जॉबवर्क वर्कशॉपमध्ये, मालकाच्या परवानगीने चित्रण करण्याचा होता. उमेदवारांचा ओढा इकडे होता, कारण मशीनशिवाय आपण कोण दिसणार, असे त्यांना वाटत होते. मालक तयारही होते. पण तिथल्या मशीनवरही दुसऱ्या कोणाचा तरी जॉब असणार, आणि कूलंट पंप व कॉम्प्रेसरच्या आवाजात बोलणे ऐकू येणे कठीण. आम्ही एकदा जाऊन पाहिले आणि परत आलो.

परतीच्या वाटेवर मी त्यांना विचारले की ग्राहक सर्वांत जास्त वेळा कोणत्या कारणासाठी मशीनला दोष देतो. ते क्षणाचाही विचार न करता म्हणाले, ‘जॉब मशीनवर मोजला तर ओके असतो आणि क्वालिटीत गेला की अंडरसाइज निघतो. मग म्हणतात, मशीन साइज सोडतं.’ आणि त्यांनी कारण सांगितले. मशीनवरून नुकताच उतरलेला जॉब गरम असतो. पोलाद दर अंश सेल्सिअसला प्रत्येक मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) प्रसरण पावते. म्हणजे ५० मिलिमीटरचा जॉब २० अंशांनी तापला असेल तर तो ११ ते १२ मायक्रॉनने मोठा मोजला जातो. ५० मिलिमीटरच्या शाफ्टला एच-६ टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा ठरावीक फरक, असेल तर सूट एकूण १६ मायक्रॉनची, आणि तिचा मोठा हिस्सा उष्णतेनेच खाल्लेला. ऑपरेटर मोठा दिसणारा जॉब पाहून ऑफसेट कमी करतो, थंड झाल्यावर जॉब आखडतो आणि अंडरसाइज शाफ्ट पुन्हा मोठा करता येत नाही.

हे सगळे त्यांनी मोटारसायकल उभी करून, रस्त्याच्या कडेला, मिनिटभरात सांगितले. आम्हाला हवा असलेला व्हिडिओ तोच होता, आणि त्यासाठी मशीनची गरज नव्हती.

भाषेचा निर्णय

इथे माझे चुकले. अर्ज इंग्रजीत जातात, म्हणून व्हिडिओ पूर्ण इंग्रजीत असावा असा मी आग्रह धरला. उमेदवारांनी संहिता पाठ केली आणि आठ-दहा प्रयत्न केले. प्रत्येक प्रयत्नात वाक्ये बरोबर होती, पण रस्त्याच्या कडेला बोलणारा माणूस हरवला होता. आमचे जवळपास दोन आठवडे यात गेले.

शेवटी जाहिरात पुन्हा वाचली. ‘देशभर प्रवासाची तयारी’ आणि ‘हिंदी व इंग्रजीत संवाद’ अशी अपेक्षा होती. राजकोट किंवा लुधियानाच्या कारखान्यात ऑपरेटरशी हिंदीतच बोलायचे असते, मग प्रात्यक्षिक हिंदीत का नको? त्यामुळे सुरुवातीची ओळख इंग्रजीत, प्रात्यक्षिक हिंदीत आणि संपूर्ण व्हिडिओला इंग्रजी उपशीर्षके, असे ठरले. त्यांच्या हिंदीला मराठवाड्याचा हेल आहे. तो घालवण्याचा प्रयत्न आम्ही केला नाही.

चित्रीकरण

साहित्य साधे होते. ५० मिलिमीटर उंचीचा, दोन्ही टोके ग्राइंड केलेला पोलादी तुकडा त्यांनी भंगारातून विकत घेऊन मित्राच्या वर्कशॉपमध्ये तयार करून घेतला. एक मायक्रॉनपर्यंतचा फरक काट्याने दाखवणारी मोजणीची डायल आणि तिचे स्टँड त्यांच्या स्वतःच्या मालकीचे होते. तुकडा तापवायला गिझरच्या पाण्याची बादली आणि पाणी मोजायला तापमापक.

दिवस गुरुवारचा निवडला, कारण तो या औद्योगिक पट्ट्याचा साप्ताहिक सुट्टीचा दिवस. सकाळी साडेसहाला रस्ता शांत होता. पंखा आणि फ्रिज बंद केले. ट्यूबलाइट बंद ठेवून टेबल खिडकीसमोर आणले, म्हणजे उजेड चेहऱ्यावर पडेल आणि चित्रावर पट्टे येणार नाहीत. मोबाइल आडवा, डोळ्यांच्या उंचीला, स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या चळतीवर. पुढचा कॅमेरा न वापरता मागचा वापरला, कारण त्याचे चित्र अधिक स्वच्छ येते आणि स्वतःचा चेहरा दिसत नसल्यामुळे नजर लेन्सवर राहते. आवाजासाठी कॉलरला लावायचा तारेचा माइक. माझ्या अनुभवात चित्र थोडे कमी असले तर माणसे चालवून घेतात, आवाज अस्पष्ट असेल तर दहाव्या सेकंदाला बंद करतात.

पूर्ण संहिता बाजूला ठेवून एका पुठ्ठ्यावर पाच शब्द लिहिले: नाव, तक्रार, थंड, गरम, मागणी. त्यांवरून ते बोलले.

पहिल्याच खऱ्या प्रयत्नात एक अडचण आली. थंड तुकडा डायलखाली ठेवून काटा शून्यावर आणायचा, मग तोच तुकडा पाण्यात तापवून पुन्हा ठेवायचा, असे ठरले होते. पण तुकडा आतपर्यंत तापायला पंधरा मिनिटे ठेवला होता आणि तेवढा वेळ कापणे भाग होते. मी सुचवले की दोन सारखे तुकडे वापरावेत, म्हणजे एकसंध चित्रण मिळेल. उमेदवारांनी ठामपणे नकार दिला. ‘सर, दोन तुकडे म्हटलं की बघणारा म्हणणार, मुळातच साइज वेगळी असेल.’ त्यांचे म्हणणे बरोबर होते. आम्ही तिथे उघडपणे काप ठेवला आणि पडद्यावर लिहिले: ‘तोच तुकडा, १५ मिनिटे, ५० अंश पाणी, खोली २८ अंश’. तुकडा फडक्याने पुसून डायलखाली सरकवला आणि काटा बारा घरे पुढे गेला.

चौदा प्रयत्नांपैकी नववा निवडला. त्यात एके ठिकाणी ते शब्द शोधायला अडखळतात. तो क्षण ठेवावा, असे दोघांचेही मत पडले.

अंतिम व्हिडिओची रचना अशी झाली. पहिली पंधरा सेकंदे नाव, अनुभव आणि कोणत्या कामासाठी अर्ज आहे ते. मग थेट प्रश्न: ‘मशीन पे ओके, क्वालिटी में जाके रिजेक्ट. क्यों?’ त्यापुढे जवळपास एक मिनिट प्रात्यक्षिक आणि ग्राहकाला द्यायचा सल्ला: गरम जॉब पाहून ऑफसेट बदलू नका, जॉब आणि मास्टर (मोजणीचे उपकरण ज्याच्याशी जुळवतात तो प्रमाण तुकडा) एकाच तापमानाला येऊ द्या, मोजमापाचे प्रमाण तापमान २० अंश आहे हे लक्षात ठेवा. शेवटी एक वाक्य इंग्रजीत आणि फोन क्रमांकाऐवजी ‘तपशील रेझ्युमेमध्ये’ एवढीच सूचना, कारण व्हिडिओची लिंक कुठे फिरेल ते आपल्या हाती नसते. एकूण अठ्ठ्याऐंशी सेकंद. संगीत नाही, टक्केवारीच्या पट्ट्या नाहीत.

उपशीर्षके आधी ॲपने आपोआप काढली. त्यात ‘मायक्रॉन’ आणि ‘ऑफसेट’ हे शब्द जागोजागी चुकले होते, म्हणून सगळी ओळ न् ओळ हाताने दुरुस्त केली. कार्यालयात बसलेला माणूस बहुधा आवाज बंद ठेवूनच पाहतो, त्यामुळे हे काम टाळण्यासारखे नव्हते.

पाठवण्याची पद्धत

तयार फाइल शंभर मेगाबाइटच्या पुढे गेली आणि जीमेलची जोडणीची मर्यादा २५ मेगाबाइटची आहे. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि डायलवरचे आकडे पुसट होतात, शिवाय मुदत उलटल्यावर पाठवलेली प्रत परत घेता येत नाही, हे आधीच्या प्रसंगाने शिकवले होते. म्हणून यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ ठेवला. लिंक असलेल्यालाच तो दिसतो, शोधात येत नाही आणि हवा तेव्हा काढता येतो. पाठवण्यापूर्वी लिंक उमेदवारांच्या पत्नीच्या मोबाइलवर, पत्नीच्याच खात्यातून उघडून पाहिली.

याच काळात कागदी रेझ्युमे एका पानाचा केला. त्यात मशीनच्या यादीऐवजी तीन तक्रारी आणि त्यांची उकल आली, आणि वरच्या बाजूला एका ओळीत: ‘गरम जॉबच्या मोजणीबद्दल दीड मिनिटाचे प्रात्यक्षिक’. ‘माझा व्हिडिओ रेझ्युमे’ या शब्दांपेक्षा हे वाक्य वाचणाऱ्याला काय पाहायला मिळेल ते सांगते.

निष्पत्ती

पुढील दोन महिन्यांत अकरा अर्ज गेले, सगळे ॲप्लिकेशन किंवा ग्राहक प्रशिक्षणाच्या जागांसाठी. तीन ठिकाणी मुलाखती झाल्या. एका ठिकाणी मुलाखत घेणाऱ्याने व्हिडिओ पाहिलेलाच नव्हता. दुसऱ्या ठिकाणी पाहिला होता, पण निवड झाली नाही. कारण कळवले गेले नाही.

तिसऱ्या ठिकाणी मुलाखतीची सुरुवातच व्हिडिओपासून झाली. समोरच्या ज्येष्ठ अभियंत्याने विचारले, ‘गरम तुकड्याने तुमच्या स्टँडचा पायाही थोडा तापला असेल. त्याचा हिशेब कुठे आहे?’ उमेदवारांनी ते लक्षात आले नव्हते असे सांगितले, आणि पायावर तुकडा ठेवल्यावर लगेच वाचन घेतल्यामुळे फरक लहान असावा, पण तो मोजून पाहायला हवा होता, असे उत्तर दिले. पुढची चाळीस मिनिटे याच विषयावर गेली. आठवड्याभरात नेमणुकीचे पत्र आले. पगारवाढ बेताची आहे आणि महिन्यातले बारा-पंधरा दिवस प्रवासात जातात.

याचे श्रेय किती व्हिडिओचे आणि किती नव्या कागदी रेझ्युमेचे, हे मला सांगता येणार नाही, कारण दोन्ही बदल एकाच वेळी केले. अर्धे अर्ज लिंकशिवाय पाठवले असते तर काही अंदाज आला असता. पण एका घराच्या मिळकतीचा प्रश्न असताना असा प्रयोग करावा, असे मला वाटले नाही.

काय वेगळे करता आले असते

भाषेचा निर्णय जाहिरात वाचून पहिल्याच दिवशी घेता आला असता. माझ्या आग्रहाने वाया गेलेल्या त्या दोन आठवड्यांत एका चांगल्या जागेची मुदत संपली.

चित्रीकरणापूर्वी प्रात्यक्षिक एखाद्या जाणत्या माणसासमोर करून पाहायला हवे होते. स्टँडच्या पायाचा प्रश्न भोसरीच्या वर्कशॉपमालकांनी पाच मिनिटांत विचारला असता. या वेळी तो प्रश्न उमेदवारांच्या पथ्यावर पडला. कमी सहनशील मुलाखतकारापुढे तो अंगाशी आला असता.

गोपनीयतेच्या कलमाबाबत आता मी पहिल्या भेटीतच विचारतो, व्हिडिओ पाहण्याच्याही आधी: कुठे चित्रित केला, कोणाची परवानगी घेतली, चौकटीत कोणाचे नाव किंवा कागद दिसतो, आणि आत्तापर्यंत कोणाला पाठवला. उमेदवार रुजू झाले त्या दिवशी त्यांनी यूट्यूबवरचा व्हिडिओ काढून टाकला. व्हॉट्सॲपवरच्या त्या उरलेल्या दोन प्रतींबद्दल मात्र अजून काही कळलेले नाही, आणि त्यांनी त्या दोघांना पुन्हा एकदा लिहिले आहे.